आधी अट, मग महाल: परीकथेवरून साहसी गेम करायचा क्रम

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पोरं गेम दाखवायला आणतात, तेव्हा पहिलं दृश्य पाहूनच पुढचं कळतं. बर्फाच्या छपराचा महाल, देवदाराची झाडं, निळी तलवार घेतलेला राजपुत्र. चार-सहा महिने त्या महालातच गेलेले असतात. मी विचारतो, "यात खेळायचं काय?" समोरून उत्तर येतं, "ते अजून ठरायचंय, सर."

चित्रं वाईट नसतात, क्रम उलटा असतो. परीकथा महालावर उभी नसते, ती एका अटीवर उभी असते. सातवी खोली उघडू नको. मागं वळून पाहू नको. राक्षसाचा जीव पोपटात आहे, पोपट हाती लागला तरच. ही अट खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचली तर गेम परीकथेचा होतो, नाहीतर तो पगडी घातलेला मारामारीचा गेम राहतो.

पुढचे टप्पे याच क्रमानं घ्या. उदाहरणाला मी एकच कहाणी धरली आहे, श्रावणातली शितळा सप्तमीची. दुष्काळाच्या मुलखात तिची ओळख करून द्यावी लागत नाही. राजानं तळं खोदलं, पाणी लागेना. जलदेवतेनं सुनेचा थोरला मुलगा मागितला. सुनेला माहेरी धाडलं, लेकराला जेवूखाऊ घालून पलंगासकट तळ्यात ठेवलं, तळं भरलं. परत येताना सून त्याच काठावर थांबून वसा पाळते, आणि पाण्यातून कुणीतरी तिचे पाय धरतं. तिचंच लेकरू.

तयारी: संगणक बंद ठेवून

एक दोनशे पानी वही, फोनवरचं रेकॉर्डर आणि एक निर्णय: गेम २० मिनिटांचा असेल. दोघंजण नोकरी किंवा कॉलेज सांभाळून संध्याकाळी काम करणार असतील, तर चार महिन्यांत एवढंच नीट होतं. "आधी २० मिनिटांचं करू, मग दहा तासांचं वाढवू" असं म्हणणाऱ्यांचं २० मिनिटांचंही होत नाही, कारण ते पहिल्या दिवसापासून दहा तासांचा नकाशा काढत बसतात.

टप्पा १: गोष्ट ऐकून घ्या

छापील कहाणी वाचून सुरुवात करू नका. गल्लीत, शेतात, आजोळी कुणीतरी सांगणारी असतेच. "माय, ती तळ्याची कहाणी सांग ना," म्हणा, रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा, हो म्हणाली तरच फोन पुढं ठेवा. मधे बोलू नका, भाषा सुधारू नका. मग तीच गोष्ट दुसऱ्या घरी ऐका.

दोन सांगण्यांत जिथं फरक पडतो तिथं वहीत खूण करा. एकीनं राजाला दोष दिला, दुसरीनं दिला नाही. एकीच्या गोष्टीत सुनेला सगळं आधीच कळलेलं असतं, दुसरीच्या गोष्टीत काठावर आल्यावर कळतं. खेळणाऱ्याला निवड द्यायची तर ती अशाच जागी, कारण तिथं गोष्ट स्वतःच दोन वाटांनी जाते.

*सावध:* रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथांतल्या घटनांचे ३१ प्रकार मांडले. ती यादी सापडली की पोरं ३१ लेव्हल काढतात. ती गोष्ट उलगडून पाहायला आहे, गेम रचायला नाही.

*तपासा:* गोष्ट पाच वाक्यांत सांगता येते का? त्यात "असं केलंस तरच" किंवा "काही झालं तरी असं करू नको" असं वाक्य आहे का? नसेल तर दुसरी गोष्ट घ्या. चिमणी-कावळ्याची गोष्ट गोड आहे, पण तिच्यातून तीन मिनिटांपलीकडं खेळ निघत नाही. म्हातारी आणि भोपळ्याची निघते, कारण म्हातारीनं वाघाला शब्द दिलेला असतो: लेकीकडं जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा.

टप्पा २: अटीचं बटण करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी पाहिलेले बहुतेक गेम इथंच घसरले. त्यांत अट संवादात सांगितलेली असते, हातात कधीच येत नाही. म्हातारी येऊन सांगते, "मागं वळून पाहू नको," आणि खेळणारा हवं तितकं मागं पाहतो, काहीच होत नाही. किंवा पाहिलं की लगेच मरण, पुन्हा सुरुवात. पहिल्यात अट खोटी पडते, दुसऱ्यात तो नुसता सापळा होतो.

कागदावर आधी क्रियापदं लिहा. आपली सून काय काय करू शकते? चाल, बोल, उचल, पेटव, वळून पाहा. पाच पुरेत. दहा झाली तर कुठलंच कामाचं राहत नाही.

आता कहाणीतला शब्द घ्या: वसा. "उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको." वसा म्हणजे काहीतरी सोडणं. मग गेममध्ये वसा घेतला की एक बटण जाईल. पडद्यावरून दिसेनासं होईल, त्या रिकाम्या जागी दाबलं तर काम होणार नाही, वसा मात्र मोडेल. कहाणीतलं तळं गेममध्ये बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर होईल. वसा पुरा झाला की बटण परत मिळेल आणि बारवेतलं पाणी सात पायऱ्या खाली उतरेल. तीन वसे, २१ पायऱ्या, तळाशी पलंग.

पहिला वसा मौनाचा. "बोल" गेलं. पण ती गप्प झाल्यावर बेडकाचं आणि कावळ्याचं बोलणं ऐकू यायला लागतं. दुसरा विस्तव न पेटवण्याचा. शितळा सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात, म्हणून हा वसा कहाणीच्या आतलाच आहे. "पेटव" गेलं म्हणजे दिवाही गेला, आणि बारवेतली वाट अंधारात हातानं चाचपत, पाण्याच्या आवाजावर काढायची. तिसरा मागं न पाहण्याचा. कॅमेरा मागं फिरणार नाही. पाठीमागून लेकराची हाक येत राहील.

जे जातं त्याच्या बदल्यात काहीतरी मिळतं, हे इथं नीट पाहा. नुसतं काढून घेतलं तर खेळणारा चिडतो. गप्प राहिल्यावर ऐकू येणं, अंधारात आवाज उमटणं, हीच परीकथेची जादू आहे. हातातून ठिणग्या उडवायची गरज पडत नाही.

वसा मोडला तर? मारू नका. पाणी एक पायरी वर चढतं आणि बेडूक काहीतरी खोचक बोलतो. एवढी शिक्षा बास. चूक पायरीवर दिसते, मोजता येते.

*तपासा:* गेममधले सगळे संवाद काढून टाकले तरी अट कळते का? कळत नसेल तर हा टप्पा अजून झालेला नाही.

टप्पा ३: खेळणारा कोण, ते आत्ता ठरवा

पहिल्या दिवशी ठरवलं की राजपुत्रच येतो. अट ठरल्यावर विचारा, या अटीची झळ कुणाला बसते? राजाला नाही, त्याला पाणी मिळालं. झळ सुनेला आणि लेकराला. म्हणून खेळायचं सुनेच्या बाजूनं, आणि प्रत्येक वशानंतर दोन मिनिटं तळाशी, पलंगावर जागा झालेल्या लेकराच्या बाजूनं. त्याला पाण्यातून वरचा उजेड दिसतो, आईच्या पैंजणांचा आवाज येतो, वर मात्र जाता येत नाही.

राजाला वाईट रंगवायचा मोह आवरा. त्याला दुष्ट केलं की गोष्ट सोपी होते आणि खेळणाऱ्याला विचार करायला काही उरत नाही. गावाला पाणी खरोखर हवं होतं.

टप्पा ४: जागा पायांनी मोजा

फोटोवरून बारव काढू नका, जाऊन उतरा. परभणी जिल्ह्यात वालूरला जी बारव आहे तिच्या पायऱ्या चक्राकार उतरतात. चौकोनी बारवेत उतरताना समोरची भिंत दिसत राहते, इथं तुम्ही फिरत फिरत खाली जाता आणि वर आलात की दिशाच हरवते. हा फरक फोटोत येत नाही. पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची टेपनं घ्या, कुठून आभाळ दिसायचं बंद होतं ते लिहा, टाळी वाजवून आवाज किती वेळ घुमतो ते रेकॉर्ड करा.

अंधाराच्या वशासाठी देवगिरीला जा. खंदक, पूल, मग अंधारी नावाचा तो वळणावळणाचा भुयारी रस्ता, मग एकदम उजेड आणि चढ. शत्रूची दिशा चुकावी म्हणून केलेली ती रचना आजही काम करते. माणसं आत शिरताना बोलत असतात, दहा पावलांत आपोआप गप्प होतात. नेमकं कुठल्या वळणावर गप्प होतात ते बघत मी एकदा तासभर तोंडाशीच उभा होतो. चणे विकणाऱ्यानं शेवटी विचारलंच, "कुणाची वाट बघायलात?"

*सावध:* संरक्षित वास्तूंवर ट्रायपॉड किंवा ड्रोन नेण्याआधी परवानगी काढा. आणि अख्खा किल्ला गेममध्ये आणू नका. एक भुयार, एक बारव, एक उंबरठा. बास.

टप्पा ५: कोडी शेवटाकडून रचा

वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, कळस आधी. कोड्यांचा आराखडा तसाच उलटा काढायचा. वहीच्या वरच्या टोकाला लिहा: लेकरू काठावर येतं. खाली बाण काढून, त्यासाठी काय लागतं? काकडीच्या पानावर दहीभात. दह्यासाठी? विरजण. विरजणासाठी? शेजारीण. पण सुनेनं मौन धरलंय, मागायचं कसं?

रिकामी वाटी घेऊन उंबरठ्यावर उभं राहायचं.

आपल्याकडं हे कोडं दहा वर्षांच्या पोरीला सुटतं, कारण तिला कधीतरी वाटी देऊन शेजारी पाठवलेलं असतं. चांगल्या कोड्याचं उत्तर खेळणाऱ्याला आधीपासून माहीत असतं, फक्त ते इथं लागेल हे माहीत नसतं.

याच्या उलट उदाहरण १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'चं. परीकथांवर बेतलेला हा गाजलेला गेम. त्यात एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं आणि सूचना मिळते उलटा विचार करायची. लोक नाव शेवटून लिहून पाहायचे, ते चुकायचं. इंग्रजी वर्णमालाच उलटी लावून, ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय असं नाव लिहायचं होतं. उत्तर करणाऱ्याच्या डोक्यात होतं, गोष्टीत नव्हतं.

त्या काळच्या साहसी गेममध्ये आणखी एक दोष फार असायचा: सुरुवातीला एखादी वस्तू घ्यायची राहिली की तीन तासांनी वाट बंद, आणि का ते कळायचं नाही. तुमच्या आराखड्यातल्या प्रत्येक वस्तूसमोर लिहा, ही हरवली, सांडली, कावळ्याला दिली तर पुन्हा कुठं मिळेल? दही सांडलं तर शेजारीण पुन्हा वाटी भरून देते, फक्त दुसऱ्या वेळी तोंड वाकडं करून. जिथं उत्तर "मिळणार नाही" असेल ते कोडं तिथंच बदला.

परीकथेत तीनदा घडण्याला अर्थ असतो, तो वापरा. पहिल्यांदा दाखवायचं, दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला करू द्यायचं, तिसऱ्यांदा मोडायचं. शेजारणीच्या दारात दोनदा वाटी चालली. तिसऱ्यांदा दाराला कुलूप आहे आणि विरजण बाहेर तुळशीपाशी ठेवलंय, कारण तिला आता माहीत आहे की ही येणार. तीच वस्तू तीनदा गोळा करायला लावणं म्हणजे तीनदा घडणं नव्हे, ती हमाली आहे.

टप्पा ६: राखाडी ठोकळ्यांवर खेळा

आता संगणक उघडा. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली आहे, गेम विकला तरी कुणाला वाटा द्यावा लागत नाही, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तुम्हाला युनिटी हे दुसरं इंजिन येत असेल तर तेच घ्या, फक्त पुढचा टप्पा वाचून.

बारव म्हणजे राखाडी ठोकळे, सून म्हणजे कॅप्सूलसारखी उभी गोळी, पाणी म्हणजे निळी फळी जी वरखाली होते. एवढ्यावर पहिला वसा पुरा खेळता आला पाहिजे. रंग, झाडं, गाणी काही नाही.

रोज काम संपलं की ते गिटवर, म्हणजे कामाची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणाऱ्या सोयीवर चढवा. "उद्या करू" म्हणालात त्याच रात्री लाइट जाते, हा अनुभव मला दोनदा आलाय.

*तपासा:* राखाडी ठोकळ्यांवर पाणी पहिल्यांदा उतरलं तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून काही निघालं का? "अरे" सुद्धा चालेल. काहीच नाही निघालं तर चित्रांनी फरक पडणार नाही, टप्पा २ वर परत.

टप्पा ७: मराठी अक्षरं आधी, संवाद नंतर

लोक सगळे संवाद लिहून, बसवून, शेवटच्या आठवड्यात पाहतात तर "किती"ची वेलांटी दुसरीकडेच. म्हणून एकही संवाद बसवण्याआधी ही ओळ पडद्यावर आणा:

दुसऱ्या पायरीवर कीर्तीनं विठ्ठलाचं हृदय जिंकलं, श्री ज्ञान क्षत्रिय उष्ट्रं

अर्थ शोधू नका, त्यात ऱ्य, रफार, ठ्ठ, हृ, श्र, ज्ञ, क्ष, ष्ट्र सगळं आहे. गोडोची चौथी आवृत्ती ही जोडणी बरोबर करते, तिसरी करत नाही. युनिटीतलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो एकटं हे करत नाही, वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं.

फॉन्ट: मुक्त, नोटो देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. इंजिनमध्ये मजकुराच्या भाषेची खूण मराठी ठेवायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरचे अनुस्वार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

आणि सगळ्यात नेहमीची चूक: टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवणं. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत आधी "क" येतो, मग "क्", मग "क्ष", मग "क्षि", अक्षरं डोळ्यांदेखत रूप बदलतात. एकेक शब्द उमटवा. कहाणी सांगणारीही शब्दांनीच थांबते.

टप्पा ८: कोण कसं बोलतं

निवेदन कहाणीच्या चालीत: आटपाट नगर होतं. पात्रं मात्र घरची बोली बोलू द्या. बेडूक "आपण काय करीत आहात?" म्हणाला की संपलं. "काय करायलीस माय इथं?" म्हणाला की तो आपल्या विहिरीतला होतो. सून बेडकाला अरे-तुरे करेल, सासऱ्याला "मामंजी" म्हणेल, शेजारणीला वयाप्रमाणं काकू किंवा आजी. हे संबंध आधी वहीत लिहा, नाहीतर दोघांनी लिहिलेल्या संवादांत तीच सून एकदा "तुम्ही" आणि एकदा "तू" म्हणते.

इंग्रजी गेमचे ठरलेले बोल भाषांतरून आणू नका. "तुझ्यासाठी माझ्याकडे एक मोहीम आहे" असं कोणती म्हातारी म्हणते? ती म्हणते, "एक काम करशील का माझं?"

आवाज घरातच रेकॉर्ड करा. पंखा बंद, दारं लावून, भिंतींना गोधड्या. शक्य असेल तर टप्पा १ मधल्या त्या मायनंच निवेदन करावं. कागद देऊ नका, सांगायला लावा. आणि तिला पैसे द्या.

टप्पा ९: चित्रं

आता. यावर फार लिहीत नाही, कारण इथपर्यंत नीट आलेल्यांची चित्रं आपोआप नीट येतात. रंग जागेचे घ्या: काळा बेसाल्ट, काळी माती, वेचणीच्या दिवसांतला कापूस, फेब्रुवारी-मार्चमधला पळस. झाडं बाभूळ, लिंब, सीताफळ. आयती चित्रं विकत घेतलीत तर देवदार आणि धुराडी आधी काढून टाका. कहाणी श्रावणातली आहे, म्हणून वर आभाळ भरलेलं आणि खाली तळं कोरडं. हे एक चित्र जमलं तर बाकीची त्याच्या मागं येतात.

टप्पा १०: दुसऱ्यांच्या हातात द्या

पाच माणसं. त्यांत एक आठ-दहा वर्षांचं लेकरू, एक कधीच गेम न खेळलेलं माणूस, आणि एक जिला ही कहाणी पाठ आहे. त्यांच्या मागं बसा आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे. "तिथं नाही, डावीकडं" म्हटलंत की ती चाचणी वाया गेली. फक्त वेळ लिहा: कुठं अडकले, कितीला अडकले, कितीला सुटले. दोघंजण एकाच जागी पाच मिनिटं अडकले तर दोष जागेचा.

पहिल्यांदा वेबवर चालेल अशी आवृत्ती काढून इच.आयओ या गेम ठेवायच्या साइटवर ठेवा, ते फुकट आहे आणि लिंक पाठवली की झालं. प्ले स्टोअरवर जायचं तर आधी नियम बघा: खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. श्रावणात आणायचा तर आषाढाच्या सुरुवातीलाच ते १२ जण ठरलेले हवेत. आयत्या वेळी भावकीत फोन करून नंबर गोळा करताना मी एका पोराला पाहिलंय. त्यातल्या चौघांनी गेम चार दिवसांत काढून टाकला आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

शेवटची चाचणी त्या मायची. फोन तिच्या हातात द्या, बटणं दाखवा, आणि शेवटच्या वळणावर पाठीमागून लेकराची हाक येते तेव्हा तिचा अंगठा कुठं जातो ते पाहा. आम्ही दिला तेव्हा तिनं फोनच उलटा करून मांडीवर ठेवला, मागं बघायला नको म्हणून.

ती खूण आम्ही गेममध्ये घेतली. आता तिसऱ्या वशात फोन पालथा ठेवला की पाणी उतरतं.